मुद्दाम कापलेला धागा : बी पेशींच्या जनुक-पुनर्रचनेची पार्श्वभूमी

सोलापुरात यंत्रमागावर उभा धागा तुटला, की कामगार आधी माग थांबवतो, गाठ मारतो आणि मगच माग पुन्हा चालू करतो. पदवीच्या वर्गात बी पेशी, म्हणजे रोगजंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, शिकवताना मी हेच उदाहरण घेतो; फरक एवढाच, की पेशी आपल्या डीएनएचा धागा स्वतःच कापते.

जनुके मर्यादित असताना प्रतिपिंडांचे प्रकार अगणित कसे, हे जुने कोडे होते. विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्ये सुचवले, की प्रतिपिंडाची एक प्रथिन-साखळी दोन जनुकांपासून घडत असावी. ‘एक जनुक, एक साखळी’ हा समज पक्का असल्याने ते सहज पटण्यासारखे नव्हते. पुढे १९७६ मध्ये बाझेल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या भ्रूणातील आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या कर्कपेशींतील डीएनएची तुलना केली, तेव्हा भ्रूणात दूर असलेले जनुकखंड कर्कपेशींत एकत्र आल्याचे दिसले; म्हणजे पेशी डीएनए कापून हे खंड नव्याने जोडते. तोनेगावांना १९८७ चे नोबेल मिळाले. हा डीएनए कापणारी ‘रॅग-१’ आणि ‘रॅग-२’ ही प्रथिने ज्या जनुकांपासून बनतात, ती १९८९-९० मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत सापडली.

माझ्या मते खरी रंजक कहाणी इथून पुढची आहे, कारण डीएनएचे दोन्ही पदर कापणे हा पेशीसाठी जिवावरचा खेळ असतो. म्हणूनच रॅग कुठेही कापत नाही : जनुकखंडांच्या कडेला ठरावीक खुणा असतात आणि १२ अक्षरांचे अंतर असलेली खूण २३ अक्षरांच्या खुणेशीच जोडली जाते. पेशी विभाजनापूर्वी डीएनएची प्रत काढू लागते, त्याआधी रॅग-२ नष्ट केले जाते. म्हणजे माग थांबलेला असतानाच कात्री चालते. एका गुणसूत्रावर छेद झाला, की ‘एटीएम’ हे प्रथिन जोडगुणसूत्रावरील तेच स्थान केंद्रकातील घट्ट गुंडाळलेल्या भागाकडे सरकवते, जेणेकरून दोन्ही प्रती एकाच वेळी कापल्या जाऊ नयेत. हे २००९ मध्ये दाखवले गेले. तुटलेली टोके सांधण्याचे काम कू, डीएनए-पीके, आर्टेमिस अशी दुरुस्ती करणारी प्रथिने मिळून करतात. १९८३ मध्ये वर्णन केलेल्या, प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या ‘स्किड’ उंदरांत डीएनए-पीकेचाच दोष असल्याचे नंतर उलगडले.

पहारा चुकला तर काय होते, हे बर्किट लिम्फोमा या बी पेशींच्या कर्करोगात दिसते : पेशींच्या वाढीला चालना देणारे ८ व्या गुणसूत्रावरील ‘मिक’ जनुक बहुतेक वेळा १४ व्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी जड साखळीच्या जनुकाशेजारी, जाऊन बसते. अशा चुकांत रॅगबरोबरच ‘एड’ या विकराचाही (एन्झाइमचाही) वाटा असतो. प्रतिपिंडाचा वर्ग बदलताना छेद घडवणारे हे विकर तासुकु होंजो यांच्या क्योटोतील गटाने १९९९ मध्ये शोधले.