झडीच्या पावसानंतर कुंडीतील गुलाब

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आठ-आठ दिवस झड लागून राहते आणि मग एखाद्या सकाळी लख्ख ऊन पडते. त्याच दुपारी गच्चीवरच्या कुंडीतला गुलाब मान टाकतो. पाऊस चालू असताना बऱ्यापैकी उभ्या दिसणाऱ्या झाडाची पाने उघडीप मिळताच लोंबू लागतात, खालची पाने पिवळी पडून गळतात आणि पाहणाऱ्याला वाटते की झाडाला तहान लागली आहे किंवा त्याचे पोषण कमी पडले आहे. मग कोणी तांब्याभर पाणी घालतो, कोणी मूठभर खत टाकतो. या दोन्ही उपायांनी झाड दगावण्याचीच शक्यता वाढते, कारण त्या झाडाला कमतरता असते ती मुळांपाशी असलेल्या हवेची.

मुळेही श्वसन करतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येणारा ऑक्सिजन वापरून ती साखरेपासून ऊर्जा मिळवतात आणि त्या ऊर्जेवर क्षार शोषणे, नवी टोके वाढवणे ही कामे चालतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा जवळजवळ तुटतो, कारण ऑक्सिजनचे रेणू हवेत जितक्या वेगाने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश ते पाण्यात पसरतात. मातीत असलेला थोडाफार ऑक्सिजन मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर मुळांना ऑक्सिजनविना साखर आंबवून भागवावे लागते आणि या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे केवळ २ रेणू मिळतात. एरवी ते तिसाहून अधिक मिळाले असते. उपासमार झालेल्या पेशींतला द्रव आम्लधर्मी होतो आणि त्यामुळे पेशींच्या पटलांतील ॲक्वापोरिन नावाची, पाणी आत घेणारी प्रथिनांची द्वारे मिटतात. अशा रीतीने मुळे पाण्यात बुडालेली असूनही झाडाला पाणी मिळत नाही. ढगाळ, दमट हवेत पानांतून बाष्प फारसे बाहेर पडत नसल्यामुळे ही अडचण झाकलेली राहते आणि ऊन पडताच मागणी एकदम वाढून ती उघडी पडते. पाने पिवळी पडण्यामागे आणखी एक कारण आहे. गुदमरलेली मुळे इथिलीनचा पूर्वगामी पदार्थ वर पाठवतात, पानांत त्यापासून इथिलीन तयार होते आणि हेच संप्रेरक पानगळ घडवून आणते.

जमिनीतल्या गुलाबापेक्षा कुंडीतल्या गुलाबाची अवस्था बिकट का होते, हे साध्या हिशेबाने कळते. ३० सेंटिमीटर रुंद तोंडाच्या कुंडीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यात सुमारे ७ लिटर पाणी येते, आणि अशा कुंडीत माती असते जेमतेम १५ लिटर. जादा पाणी तळाच्या छिद्रातून निघून जाते, पण सगळे जात नाही. केशाकर्षणामुळे तळाशी काही सेंटिमीटर जाडीचा थर कायम पाण्याने भरलेला राहतो. त्याची उंची मातीच्या बारीकपणावर अवलंबून असते. तळाशी खडी किंवा खापऱ्या भरल्या तर निचरा सुधारतो, हा समज अगदी घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही, त्यामुळे तो पाणथळ थर तेवढाच राहून फक्त वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरेशी आहे.

आपल्याकडे कुंडीसाठी शेतातली काळी माती किंवा नदीकाठचा गाळ आणण्याची पद्धत आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण भिजले की फुगतात आणि पोकळ्या बुजवतात. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती तशी फुगत नाही, म्हणून पावसाळ्याच्या दृष्टीने ती बरी. तरीही नुसती माती कुंडीत कधीच भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता झाड वाचवण्याविषयी. सर्वांत आधी कुंडी पावसातून काढून छपराच्या वळचणीला, पण उजेडात ठेवावी, खालची ताटली काढून टाकावी आणि कुंडी विटांवर टेकवून छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे. नंतर तळाचे एखादे छिद्र सर्वांत खाली येईल अशा बेताने कुंडी काही तास तिरकी करावी. भिजलेला जाड स्पंज आडवा धरल्यावर टपकायचा थांबतो आणि उभा करताच पुन्हा गळू लागतो, तसेच येथे होते: मातीच्या स्तंभाची उंची वाढली की साचलेले पाणी बाहेर पडते. छिद्रातून सुतळीचा तुकडा आत सरकवून त्याचे टोक खाली लोंबते ठेवले, तर तीही पाणी ओढून काढते. पहिले दोन-तीन दिवस दुपारच्या कडक उन्हापासून झाडाला आडोसा द्यावा, म्हणजे अधू मुळांवर भार पडत नाही. बोट दोन पेरे मातीत घालून माती कोरडी लागेपर्यंत पाणी देऊ नये.

वाफसा येऊनही, म्हणजे जादा पाणी निघून माती नुसती ओलसर झाली तरीही, आठवड्याभरात झाड सावरले नाही, किंवा मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मात्र मुळे पाहावीच लागतात. निरोगी मूळ पांढरट किंवा तपकिरी आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट असते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल निघून आत फक्त दोरा उरतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत झाड नव्या मिश्रणात लावावे. मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते. माती, भरड वाळू किंवा विटांचा चुरा आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेतले तर काम भागते.

मूळकूज करणारे पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, आणि हे जीव खऱ्या बुरशींपेक्षा वेगळ्या कुळातले आहेत. म्हणून सर्रास ओतले जाणारे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्यांच्यावर चालत नाही. निचरा सुधारणे हाच पहिला इलाज आहे आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी प्रतिबंधासाठी उपयोगी पडते. पानांवरचे काळे ठिपके हा निराळा रोग होय. त्याच्या बुरशीला पान सुमारे सात तास सलग ओले मिळाले की लागण होते. गळलेली पाने वेचून टाकणे आणि झाडांत अंतर ठेवणे येथे फार महत्त्वाचे आहे. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली सुकत येत असेल, तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली छाटून जखमेवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलम लावावे.

हिरव्या फांद्या मात्र राखाव्यात. पाने आणि फांद्यांतला साठा यांच्यावरच नवी मुळे फुटतात, त्यामुळे अशक्त झाडाची ऑक्टोबरमधली नेहमीची खोल छाटणी त्या वर्षी टाळून हलकी करावी. पावसाने नत्र वाहून गेलेले असते हे खरे, पण ते घेण्यासाठी आधी मुळे हवीत. नवे तांबूस धुमारे दिसू लागले की मगच पातळ खताची सुरुवात करावी. हे धुमारे कोठून येत आहेत, हेही नीट पाहावे. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून जोमदार फूट आली असेल, तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची, असते. ती मुळाशी धरून उपटून काढावी, नाहीतर खुंट फोफावतो आणि वरचा गुलाब मागे पडतो.