न पाहिलेल्या विषाणूची रक्तचाचणी

१९७०च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के जणांना पुढे यकृताचा दाह, म्हणजे हेपटायटिस, होत असे. बहुतेकांना कावीळ दिसतही नसे, फक्त रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढलेली सापडत. पैसे घेऊन रक्त देणारे दाते थांबवले, हेपटायटिस बीची चाचणी आली आणि हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उतरलं. पण तिथेच अडलं.

१९७३मध्ये हेपटायटिस एचा विषाणू सापडल्यावर याच संस्थेतले संशोधक हार्वे आल्टर आणि सहकाऱ्यांनी या उरलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांच्या आजाराचा विषाणू एही नव्हता, बीही नव्हता. १९७५पासून पुढची १४ वर्षं हा आजार ‘नॉन-ए, नॉन-बी’ या नावानेच वावरला; आज आपण त्याला हेपटायटिस सी म्हणतो.

या काळात माहिती आडवाटेने मिळत गेली. रुग्णाचं रक्त टोचल्यावर चिंपांझींना आजार झाला, म्हणजे तो संसर्गजन्य होता. बारीक गाळणीतून त्याचा विषाणू पार होई, म्हणजे आकाराने लहान. क्लोरोफॉर्मने निष्प्रभ होई, म्हणजे त्याला चरबीचं आवरण होतं. पण तो कुणाला दिसला नव्हता आणि प्रयोगशाळेत वाढतही नव्हता. विषाणू वाढवायचा, त्याची प्रथिनं काढायची आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी (प्रतिपिंडं) रक्तात शोधायच्या, हा चाचणी बनवण्याचा नेहमीचा रस्ता बंद होता.

चाचणी सापडल्याचे दावे मात्र अनेकांनी केले. आल्टर त्यांना नावं झाकलेले रक्तनमुने पाठवत. त्यांतले काही नक्की संसर्गजन्य, काही नक्की निर्धोक. दावे एकामागोमाग एक कोसळले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शिस्त. ती नसती तर एखादी निरुपयोगी चाचणी रक्तपेढ्यांत रुळली असती.

वाट काढली ती कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे डॅनियल ब्रॅडली त्यांच्यासोबत होते. संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातल्या जनुकीय साहित्याचे तुकडे करून त्यांनी ते जिवाणूंमध्ये घातले. प्रत्येक तुकड्यावरून जिवाणू एखादं प्रथिन बनवणार. मग त्यावर रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, टाकायचा: त्याच्या अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटतील, ते विषाणूचं असण्याची शक्यता. असे जवळपास दहा लाख तुकडे (क्लोन) चाळल्यावर विषाणूचा एक सापडला. त्यावर उभारलेली चाचणी आल्टर यांच्या झाकलेल्या नमुन्यांवर खरी उतरली. एप्रिल १९८९मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि विषाणूला हेपटायटिस सी हे नाव मिळालं. २०२०चं नोबेल आल्टर, हॉटन आणि याच विषाणूवर काम केलेले चार्ल्स राइस यांना मिळालं. चू आणि कुओ राहिले, याचं वाईट वाटतं.

१९९०मध्ये रक्तपेढ्यांत आलेली चाचणी एलिसा पद्धतीची होती. प्लेटच्या खळग्यात विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं. सीरममध्ये त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ती धरून राहते, बाकीचं धुऊन जातं. मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी पहिलीवर बसते आणि रंग उमटतो. पहिल्या आवृत्तीत विषाणूचा एकच भाग वापरला होता, त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह बरेच येत आणि संसर्ग कळायला सुमारे १६ आठवडे लागत. १९९२च्या आवृत्तीत आणखी प्रथिनं घातली, तेव्हा हा काळ १० आठवड्यांवर आला. अँटिबॉडी तयार व्हायलाच शरीराला वेळ लागतो, तेव्हा या मार्गाने फार खाली जाता येत नाही. म्हणून १९९०च्या दशकाच्या अखेरीस रक्तपेढ्या थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, शोधू लागल्या. तो एक-दोन आठवड्यांतच सापडतो.

आज तपासणीची सुरुवात बहुधा अँटिबॉडीनेच होते. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर शरीराची या विषाणूशी गाठ कधीतरी पडली होती, एवढंच कळतं. साधारण ३० टक्के लोकांत विषाणू उपचाराविना सहा महिन्यांत निघून जातो. आजच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. तरी दोघांच्याही रक्तात अँटिबॉडी सहसा वर्षानुवर्षं राहते. विषाणू आत्ता आहे का, हे आरएनए चाचणीच सांगते. आणि अनेक जण तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. पहिला रिपोर्ट घेतात, एकतर घाबरून जगतात किंवा विसरून जातात, तोवर यकृत निबर होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये शिफारस केली की अँटिबॉडी सापडली तर प्रयोगशाळेने त्याच नमुन्यावर आरएनए तपासावा, रुग्णाला पुन्हा बोलावू नये.