पराटीचा कोळसा आणि पॅरिसचा हिशेब

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की विदर्भात पराट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून धुऱ्यावर (बांधावर) पेटवतात. गुलाबी बोंडअळीला थारा मिळू नये म्हणून शेत लवकर मोकळं करणं योग्यच. पण उघड्यावर जाळल्यावर पराटीतला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो. त्याच पराट्या कमी हवेत भाजून बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, केला तर कोळशात उरलेला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो. असा हवेबाहेर ठेवलेला कार्बन डायऑक्साइड टनांत मोजून त्याचा व्यवहार देशादेशांत करण्याची सोय हवामानबदलावरच्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ६ मध्ये आहे. त्याचे राहिलेले नियम २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत ठरले. तो टन खरा की नुसता कागदावरचा, हे मात्र शेतातल्या खड्ड्यात ठरतं.

खड्डा वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता, पाऊण मीटर खोल. पराटी वाकवताच काडकन तुटली पाहिजे. तळाशी जाळ करून पातळ थर टाकायचा. त्यावर पांढरी राख धरू लागली की पुढचा. वरची ज्वाळ खाली हवा जाऊ देत नाही आणि धूरही जाळते, म्हणून ती विझता कामा नये. ओली पराटी टाकली किंवा एकदम भारा लोटला की दाट धूर निघतो. त्यात मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. कमावलेलं तिथेच जातं. शेवटी भरपूर पाणी ओतायचं. पाण्याची टंचाई असेल तर माती दाबून हवा बंद करायची. निखारा राहिला तर सकाळी राखच मिळते.

१०० किलो वाळलेल्या पराट्यांतून साधारण २० किलो कोळसा मिळतो. त्यात १४ किलो कार्बन धरला, तर ४४/१२ ने (१२ किलो कार्बनचा ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो) गुणून सुमारे ५१ किलो कार्बन डायऑक्साइड. यातून मिथेन आणि मातीत कुजणारा वाटा वजा होतो, म्हणून ओलावा, कोरडं वजन आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागतात. त्यात हायड्रोजन-कार्बनचं अणुप्रमाण, ज्यावरून कोळसा किती टिकेल ते कळतं, ०.७ च्या खाली हवं. कलम ६ खाली दुसऱ्या देशाला दिलेला टन भारताला स्वतःच्या खात्यात धरता येत नाही, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

उत्पन्न हमखास वाढेल, असं मात्र कुणी सांगू नये. आम्ल मातीत दिसतो तेवढा फायदा आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत धरून चालत नाही. शेणखतात दोन-तीन आठवडे मुरवूनच कोळसा टाकावा. कोरा कोळसा नत्र धरून ठेवतो आणि कोवळं पीक पिवळं पडतं. म्हणजे मजुरी कार्बनच्या पैशातूनच निघायला हवी. कार्बन विकत घेणाऱ्याशी होणाऱ्या करारात दर कोळशाच्या टनाला आहे की कार्बन डायऑक्साइडच्या, हे आधी लिहून घ्यावं. दोन्हींत अडीच पटींचा फरक पडतो.