मिसळीचा कट आणि जंतू मारणारा साबण

मिसळ खाऊन झाली की बोटांना लागलेला कट नुसत्या पाण्यानं निघत नाही हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, पण साबण लावला की हात चकाचक. कारण साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, मग आपण हात चोळला की तेल सुटतं आणि त्या तेलामळाला चिकटलेले जंतूपण नळाखाली वाहून जातात. सगळे मरत नाहीत, पण हातावर राहत नाहीत, आणि आपलं काम तेवढंच असतंय की.

मग अँटीबॅक्टेरियल साबणाला जादा पैसे कशाचे? त्यात घालायचे ते ट्रायक्लोसान नावाचं जंतू मारणारं रसायन. जंतूला स्वतःचं आवरण बांधायला चरबी लागते, ती बनवणारं एक एन्झाइम हे ट्रायक्लोसान बंद पाडतं. ऐकायला भारी आहे, पण याला वेळ लागतो. 2015 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी 0.3 टक्के ट्रायक्लोसानचा साबण आणि साधा साबण 20 प्रकारच्या जंतूंवर 20 सेकंद वापरून बघितला, फरकच नाही. फरक दिसला तो 9 तासांनी! तेवढ्यात माणूस एसटीनं मुंबईला पोचतोय, हातावर फेस घेऊन कोण बसणार. वर आणि जंतूनं त्या एन्झाइमची ठेवण जरा बदलली की ट्रायक्लोसान लागूच पडत नाही, ई. कोलाय नावाच्या जंतूमध्ये हे 1998 लाच दिसलं होतं.

सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान धरून 19 रसायनं घरगुती साबणातून काढायला लावली, कारण रोज वर्षानुवर्षं वापरायला ती सुरक्षित आहेत आणि साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. दवाखान्याची गोष्ट वेगळी हां, ऑपरेशनआधी डॉक्टर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं हात धुतात, ते कातडीवर तासन्‌तास टिकून काम करतं.

2016 मध्ये एफडीएनं 3 रसायनांचा निर्णय मात्र पुढं ढकलला, त्यातलं एक क्लोरोझायलेनॉल, म्हणजे आपल्या डेटॉलमधलं. आमची आई अंघोळीच्या बादलीत झाकणभर डेटॉल ओतते आणि पाणी पांढरं झालं की म्हणते, "बघ, औषध लागलं." खरं तर क्लोरोझायलेनॉल आणि पाइन तेल पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब होतात, त्यावर उजेड विखुरतो म्हणून पाणी दुधासारखं दिसतं. आईला हे सांगून बघितलं, पण बादलीत रोज पांढरा रस्सा होतोयच.