गुडघ्यापर्यंत अँटिऑक्सिडंट पोचतं का?

सांधे दुखायला लागले की गोळ्यांच्या बाटल्यांवरचा ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द एकदम डोळ्यांत भरू लागतो. त्यामागचं स्पष्टीकरण बहुतेकांना पाठ असतं: शरीरात फ्री रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, ते सांध्यांना गंज चढवतात आणि अँटिऑक्सिडंट तो गंज धुऊन काढतं. पण लोखंड आपोआप गंजतं. सुजलेल्या सांध्यात हे रेणू आपल्याच पेशी एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) कामाला लावून मुद्दाम बनवतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मूळ कल्पनेला आधार आहे, हे आधी सांगायला हवं. १९६९ साली ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि त्यांचे मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी, या एन्झाइमचं काम उलगडलं. सुपरऑक्साइड म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजनचा रेणू. एसओडी त्याला निकामी करतं. १९७४ मध्ये मॅककॉर्ड यांनी हाच हिशोब सांध्यातल्या वंगणाला लावला. हे वंगण अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत असतं, कारण त्यात हायल्युरॉनिक ॲसिडच्या लांबच लांब साखळ्या असतात. सुपरऑक्साइडच्या माऱ्यात त्या साखळ्या तुटल्या आणि वंगण पातळ झालं. एसओडी घातल्यावर चिकटपणा टिकला.

हे सुपरऑक्साइड येतं पांढऱ्या पेशींकडून. जंतू गिळला की त्या भराभर ऑक्सिजन ओढून घेतात आणि त्याचं शस्त्र करतात. आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यावर उलटते आणि जंतू नसतानाही हा मारा चालू राहतो. मग शस्त्रच काढून घेतलं तर? ज्यांच्यात जन्मतः हे शस्त्र बनवणारं एन्झाइम नीट चालत नाही, त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो. शिवाय २००३ साली उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये असं दिसलं की एनसीएफ१ या जनुकातल्या बदलामुळे सुपरऑक्साइड कमी बनत असेल, तर संधिवात उलट जास्त तीव्र होतो. म्हणजे हा रेणू दाह पेटवतो, तसा दाह आवरायलाही तो लागतो.

गोळ्यांच्या चाचण्यांचे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. झिजेच्या संधिवातात दोन वर्षं ई जीवनसत्त्व देऊनही गुडघ्याच्या कूर्चेची झीज थांबली नाही. ३९,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे दहा वर्षं ई जीवनसत्त्व घेऊनही आमवाताचा धोका ठोसपणे कमी झाला नाही. क जीवनसत्त्व दिवसाला १ ग्रॅमच्या वर घेतलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. १९९४ चा तो निकाल ‘घेऊन तर बघू, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावा. एसओडीमध्ये तांबं असतं, म्हणून तांब्याचं कडं सांध्यांना चांगलं, असंही सांगितलं जातं. आमवाताच्या रुग्णांवर या कड्यांची रीतसर चाचणी झाली आहे आणि त्यांचा उपयोग दिसला नाही. अशा उपायांच्या भरवशावर आमवाताची औषधं बंद केली, तर तेवढ्या काळात हाडांची जी झीज होते ती भरून येत नाही.

तरीही मला या विषयाचं प्रेम आहे, आणि ते केप१ व एनआरएफ२ या दोन प्रथिनांमुळे.

आपली पेशी एनआरएफ२ सतत बनवते आणि सतत मोडून टाकते. केप१ त्याला पकडून ठेवतं, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘हे मोडा’ अशी खूण लावण्याची व्यवस्था करतं आणि पेशीतलं तोडफोड केंद्र त्याचे तुकडे करतं. साधारण वीस मिनिटांत निम्मं एनआरएफ२ संपतं. हा अपव्यय वाटतो, पण त्यात शहाणपण आहे: गरज पडली की नवं काही सुरू करावं लागत नाही, फक्त मोडणं थांबवलं की झालं. माणसाच्या केप१ मध्ये सिस्टीन या अमिनो ॲसिडचे २७ घटक असतात आणि प्रत्येकावर गंधकाचा अणू असतो. ऑक्सिडीकारक रेणू यातल्या ठरावीक गंधकांना चिकटले (१५१ क्रमांकाचं सिस्टीन त्यांत प्रसिद्ध आहे), की केप१ ची पकड बिघडते. ताजं बनलेलं एनआरएफ२ मोकळं राहतं, पेशीकेंद्रकात शिरतं, लहान मॅफ प्रथिनांशी जोडी जमवतं आणि डीएनएवरच्या एका विशिष्ट क्रमाला बसतं. ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणारी, हीम ऑक्सिजनेज-१ हे बचावाचं एन्झाइम बनवणारी, अशी शेकडो जनुकं त्यामुळे जागी होतात. भक्षक पेशींमध्ये तर ते इंटरल्युकिन-६ सारख्या दाहक संदेशांची जनुकंही दाबून ठेवतं. एनआरएफ२ काढून टाकलेल्या उंदरांना संधिवात जास्त जोरात होतो.

आता वनस्पतींमधल्या नावाजलेल्या ‘अँटिऑक्सिडंट’कडे पुन्हा पाहा. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन फ्री रॅडिकलला इलेक्ट्रॉन दान करत बसत नाही. ते केप१ च्या गंधकाला चिकटतं. म्हणजे ते पेशीला थोडं डिवचतं, आणि बचाव पेशी स्वतः करते. व्यायामाचंही काहीसं असंच आहे. २००९ च्या एका प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले, तेव्हा व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जसा सुधारतो तसा तो सुधारलाच नाही. डिवचणारा संदेशच गोळ्यांनी पुसून टाकला होता.

यातूनच एका जुन्या औषधाचं कोडं थोडंसं उलगडतं. फ्रान्समध्ये जाक फोरेस्तिए यांनी १९२९ मध्ये आमवातासाठी सोन्याचे क्षार वापरले. आमवात क्षयासारखा जंतुजन्य असावा, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकीचा होता, पण बऱ्याच रुग्णांना गुण आला. पुढे १९८५ मध्ये ऑरॅनोफिन ही सोन्याची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं दुसरं औषध सरस ठरल्यावर ती मागे पडली. सोनं गंधकाला चटकन चिकटतं, आणि ऑरॅनोफिन दिलेल्या पेशींमध्ये एनआरएफ२ पेशीकेंद्रकाकडे धाव घेतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.