स्पार्टा बटालियन

स्पार्टा बटालियन : पूर्व युक्रेनच्या दोनबास भागात रशियाच्या पाठबळावर लढलेली फुटीरतावादी तुकडी. एप्रिल २०१४ मध्ये दोनेत्स्क शहरात फुटीर गटांनी ‘दोनेत्स्क लोक प्रजासत्ताक’ जाहीर केले. त्या वर्षी अशा अनेक तुकड्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे अनेक म्होरके ओळखले जात ते टोपणनावाने.

स्पार्टाचा म्होरक्या होता आर्सेन पावलोव ऊर्फ ‘मोटोरोला’. दोनबासचे लोक आपणहून शस्त्र घेऊन उठले, असे फुटीर गट सांगत. पण पावलोव दोनबासचा नव्हे, रशियाचा नागरिक होता. त्याचा जन्म १९८३ मध्ये कोमी प्रांतातील उख्ता येथे झाला आणि रशियन सैन्यातून तो चेचन्यात लढला होता. स्पार्टाला केवळ स्वयंसेवकांची तुकडी म्हणताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दोनबासमधील स्लोव्हियान्स्क शहरात लढलेल्या पावलोवच्या गटातून ही तुकडी आकाराला आली. जुलै २०१४ मध्ये ते शहर सोडावे लागल्यावर ती इलोवायस्क आणि पुढे देबाल्त्सेवेच्या लढाईत उतरली. तिचे नाव सर्वाधिक जोडले जाते ते दोनेत्स्क विमानतळाशी. २०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी बांधलेल्या तिथल्या नव्या टर्मिनलचा, जानेवारी २०१५ मध्ये तो फुटीर सैन्याच्या हाती पडेपर्यंत, निव्वळ सांगाडा उरला होता.

याच लढाईत पकडलेल्या इहोर ब्रानोव्हित्स्की या युक्रेनी सैनिकाला कैदेत ठार मारण्यात आले. पुढे ‘कीव पोस्ट’ या युक्रेनी वृत्तपत्राने पावलोवच्या दूरध्वनी मुलाखतीचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यात आपण १५ कैद्यांना गोळ्या घातल्याचे तो बेफिकिरीने सांगतो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने एप्रिल २०१५ मध्ये चौकशीची मागणी केली. शरण आलेल्याला मारणे हा युद्धगुन्हाच आहे. स्पार्टाच्या पराक्रमाच्या कथा सांगताना हे वगळणे म्हणजे ब्रानोव्हित्स्कीवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. युरोपीय संघाने त्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, पावलोव आणि स्पार्टा या दोघांवर निर्बंध घातले होते. खटला मात्र उभा राहण्यापूर्वीच, १६ ऑक्टोबर २०१६ रोजी, दोनेत्स्कमधील राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या स्फोटात पावलोव मारला गेला.

त्याच्यानंतर तुकडीची सूत्रे व्लादिमीर झोगा याच्याकडे आली. तो स्लोव्हियान्स्कचा, म्हणजे खरोखरच त्या भूमीतला. रशियाच्या सर्वंकष आक्रमणानंतर ५ मार्च २०२२ रोजी तो वोल्नोवाखा येथे मारला गेला आणि रशियाने त्याला ‘रशियन संघराज्याचा वीर’ हा किताब मरणोत्तर दिला. मुलाच्या जागी बाप आला : आर्त्योम झोगा. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने दोनेत्स्क आपल्यात सामील केल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२३ मध्ये क्रेमलिनमधील एका समारंभात पुतिन यांना पुन्हा निवडणूक लढवण्याची जाहीर विनंती याच आर्त्योमने केली आणि त्याला उत्तर देताना पुतिन यांनी आपली उमेदवारी सांगितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरल विभागातील राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली.