ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक : उल्लेखनीय सदस्य

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढलेल्या माजी सैनिकांची संघटना. नावात ‘आर्मी’ असली, तरी ती सेना नव्हती. गणवेश उतरवून शेतावर, दुकानात, कारखान्यात परतलेल्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी उभारलेली ती भ्रातृसंस्था होती. ‘जीएआर’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. तिची पहिली शाखा ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे निघाली आणि २ ऑगस्ट १९५६ रोजी अखेरचा सदस्य वारला, तेव्हा संघटनाही संपली. १८९० च्या सुमारास तिचे सदस्य चार लाखांहून अधिक होते. तिच्या सदस्यांपैकी पाच जण देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रस्तुत नोंद संघटनेच्या इतिहासापेक्षा तिच्या माणसांविषयी आहे.

शाखेला ‘पोस्ट’, राज्यपातळीवरील रचनेला ‘डिपार्टमेंट’ आणि वार्षिक अधिवेशनाला ‘एन्कॅम्पमेंट’ म्हणजे छावणी म्हणत. पोस्टला बहुधा एखाद्या दिवंगत सैनिकाचे नाव दिलेले असे. १२ एप्रिल १८६१ ते ९ एप्रिल १८६५ या काळात संघराज्याच्या सैन्यात किंवा नौदलात नोकरी केलेल्या आणि सन्मानाने कार्यमुक्त झालेल्या व्यक्तीलाच सदस्य होता येई. अर्जाची चौकशी होई आणि पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होई. आत आल्यावर मात्र जनरल असो वा साधा शिपाई, प्रत्येक जण ‘कॉम्रेड’ म्हणजे सोबती. १८६९ साली सदस्यांच्या तीन पायऱ्या पाडण्याचा प्रयोग झाला. लोक संघटना सोडून जाऊ लागले आणि दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला. बरोबरीचे हे नाते सदस्यांना किती मोलाचे होते, ते यावरून कळते. म्हणूनच या संघटनेचे उल्लेखनीय सदस्य निवडताना केवळ हुद्दा पाहून चालत नाही.

संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन स्टीफन्सन हे १४ व्या इलिनॉय पायदळ रेजिमेंटचे शल्यचिकित्सक. याच रेजिमेंटचे धर्मगुरू विल्यम रटलेज यांच्याशी युद्धकाळातच त्यांचे बोलणे झाले होते : लढाई संपल्यावरही हे सोबती एकत्र राहिले पाहिजेत. डिकेटरची पहिली पोस्ट स्थापन झाली तो दिवस यादवी युद्धातील शायलोच्या लढाईचा चौथा स्मृतिदिन होता. पण पहिल्या राष्ट्रीय अधिवेशनात प्रमुखपद स्टीफन्सन यांना मिळाले नाही. ते जनरल स्टीफन हर्लबट यांच्याकडे गेले आणि स्टीफन्सन ॲडज्युटंट जनरल, म्हणजे कारभार पाहणारे पदाधिकारी झाले. १८७१ साली ते वारले तेव्हा संघटनेला उतरती कळा लागलेली होती. पुढे ती लाखोंची होईल हे त्यांना पाहता आले नाही. त्यांचे स्मारक राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९०९ साली उभे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट त्या समारंभाला हजर होते. बंधुता, सेवाभाव आणि निष्ठा या तीन ब्रीदांच्या मूर्ती त्या स्मारकावर कोरलेल्या आहेत.

युलिसिस ग्रँट, रदरफर्ड हेझ, जेम्स गारफिल्ड, बेंजामिन हॅरिसन आणि विल्यम मॅकिन्ली हे सदस्य असलेले पाच राष्ट्राध्यक्ष. पाचही जण रिपब्लिकन पक्षाचे आणि पाचही जणांचा जन्म ओहायोतला. हेझ आणि मॅकिन्ली तर एकाच, २३ व्या ओहायो रेजिमेंटमधले. हेझ वरिष्ठ अधिकारी आणि मॅकिन्ली भरती झाले तेव्हा अठरा वर्षांचा पोरगा. ग्रँट यांचे नाव फिलाडेल्फियातील जॉर्ज मीड पोस्टच्या पटावर होते. या पाच नावांमुळे विरोधक ‘जीएआर’ ही आद्याक्षरे ‘जनरली ऑल रिपब्लिकन्स’ (बहुतेक सगळे रिपब्लिकनच) अशी फोडत. टोमणा निराधार नव्हता. माजी सैनिकांची मते एकगठ्ठा पडत आणि त्या मतांच्या जोरावर निवृत्तिवेतनाचे कायदे होत. हॅरिसन यांनी स्वाक्षरी केलेल्या १८९० च्या कायद्याने, किमान ९० दिवस नोकरी केलेल्या आणि आता अंगमेहनत करू न शकणाऱ्या सैनिकाला, अपंगत्व युद्धात आलेले नसले तरी, निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याचा सरकारी तिजोरीवर मोठा भार पडला, अशी टीका तेव्हाही झाली. परंतु हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाचे म्हातारपण त्या काळात कसे जाई, हे लक्षात घेतले तर ही मागणी केवळ राजकारण होती असे म्हणता येत नाही.

संघटनेच्या प्रमुखांना ‘कमांडर-इन-चीफ’ म्हणत. त्यांपैकी ज्यांच्या कामाचा ठसा आजही अमेरिकेच्या दिनदर्शिकेवर आहे ते जॉन लोगन. ५ मे १८६८ रोजी त्यांनी ११ व्या क्रमांकाचा आदेश काढला : ३० मे रोजी प्रत्येक पोस्टने आपल्या भागातील सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहावीत. अशी रीत काही गावांत आधीपासून होती. लोगन यांच्या आदेशाने तिला देशभराचा एक दिवस मिळाला. त्या वर्षी आर्लिंग्टनच्या स्मशानभूमीत भाषण केले ते गारफिल्ड यांनी. या दिवसाला प्रथम ‘डेकोरेशन डे’ म्हणत. आजचा ‘मेमोरियल डे’ तो हाच. १९७१ पासून तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो.

विस्कॉन्सिनचे माजी राज्यपाल लुशियस फेअरचाइल्ड यांनी गेटिसबर्गच्या लढाईत डावा हात गमावला होता. १८८७ साली राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या सरकारने, जिंकून आणलेले दक्षिणेचे ध्वज परत करण्याचा आदेश काढला, तेव्हा फेअरचाइल्ड संघटनेचे प्रमुख होते. हा आदेश लिहिणाऱ्याचा हात देव लुळा पाडो, अशा अर्थाचा शाप त्यांनी जाहीर सभेत दिला. क्लीव्हलँड स्वतः युद्धात गेले नव्हते. त्यांनी पैसे देऊन बदली माणूस पाठवला होता. हे सर्वांना ठाऊक असल्याने तो शाप अधिकच झोंबला आणि आदेश मागे घेतला गेला. ध्वज शेवटी १९०५ मध्ये परत गेले, तेव्हा फारसा आवाज उठला नाही. मधल्या काळात बहुतेक जखमा भरत आल्या होत्या, आणि जखमी माणसेही कमी झाली होती.

एकट्या माणसाच्या आयुष्यात या संघटनेचा अर्थ पाहायचा असेल, तर जेम्स टॅनर यांचे नाव सर्वांआधी घ्यावे लागेल. न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा ८७ व्या न्यूयॉर्क रेजिमेंटमध्ये कॉर्पोरल या कनिष्ठ हुद्द्यावर होता. ऑगस्ट १८६२ मध्ये, बुल रनच्या दुसऱ्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. वय अवघे १८. कृत्रिम पायांवर चालायला ते शिकले, मग लघुलेखन शिकले आणि वॉशिंग्टनला युद्ध खात्यात कारकून झाले. त्यांची राहण्याची खोली होती फोर्ड नाट्यगृहासमोर, पीटरसन यांच्या घराला लागून. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना त्याच पीटरसन यांच्या घरात आणले गेले. शेजारच्या खोलीत युद्धमंत्री स्टँटन साक्षीदारांचे जबाब घेऊ लागले. जबाब भराभर उतरून घेणारा कोणी हवा, अशी हाक बाहेर आली आणि टॅनर यांना बोलावले गेले. हत्येनंतरच्या पहिल्या काही तासांतले जबाब या एकवीस वर्षांच्या अपंग कॉर्पोरलने उतरून घेतले.

पुढे ते न्यूयॉर्क राज्यातील जीएआरचे प्रमुख झाले आणि तेथील बाथ गावी माजी सैनिकांचा आश्रम उभा राहावा म्हणून झटले. १८८९ मध्ये हॅरिसन यांनी त्यांना निवृत्तिवेतन आयुक्त नेमले. टॅनर यांनी इतक्या मोकळ्या हाताने वेतने मंजूर केली, की सहा महिन्यांतच त्यांना पद सोडावे लागले. प्रशासक म्हणून ते चुकले, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारलेले नाही. पण दोन्ही पाय गमावलेल्या माणसासमोर लंगड्या सैनिकाचा अर्ज आला तर तो काय करील, हे नेमणूक करणाऱ्यांना आधीच कळायला हवे होते. संघटनेने त्यांच्यावरची माया कमी केली नाही. १९०५ साली त्यांना कमांडर-इन-चीफ केले. हे पद एरवी बहुतेक वेळा सैन्यात अधिकारी असलेल्यांकडे जाई. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील जुन्या खुल्या सभागृहाला २०१४ पासून त्यांचे नाव आहे.

कृष्णवर्णीय सैनिकांना जीएआरच्या घटनेने बंदी घातलेली नव्हती. त्या काळातील किती थोड्या संस्थांविषयी असे म्हणता येईल! व्यवहार मात्र जागोजाग वेगळा होता : उत्तरेतील कित्येक पोस्ट मिश्र, तर काही ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र. लुइझियाना आणि मिसिसिपीतील श्वेत पदाधिकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या पोस्टना मान्यता द्यायला नकार दिला आणि वेगळे डिपार्टमेंट मागितले. १८९१ च्या डेट्रॉइट अधिवेशनाने ही मागणी फेटाळली. नौदलात काम केलेले बॉस्टनचे वकील जेम्स वुल्फ १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स डिपार्टमेंटचे प्रमुख निवडले गेले. कृष्णवर्णीय माणसाला एका संपूर्ण राज्यातील, बहुसंख्येने श्वेत असलेल्या माजी सैनिकांनी निवडून दिले होते. मेरीलँडमधील चेस्टरटाउन येथे चार्ल्स समनर पोस्टचे सभागृह आजही उभे आहे. कृष्णवर्णीय सदस्यांनी उभारलेल्या आणि अजून शिल्लक असलेल्या मोजक्या वास्तूंपैकी ते एक. सेनेका जमातीचे ईली पार्कर हेही संघटनेचे सदस्य. ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत त्यांच्या हस्ताक्षरात लिहिली गेली.

स्त्रियांना सदस्यत्व नव्हते. त्यांच्यासाठी १८८३ मध्ये ‘विमेन्स रिलीफ कोअर’ ही सहायक संस्था निघाली. तरीही थोडे अपवाद झाले आणि ते फार बोलके आहेत. कॅनडात जन्मलेल्या सॅरा एमा एडमंड्स ‘फ्रँकलिन थॉम्पसन’ या नावाने, पुरुषवेषात, दुसऱ्या मिशिगन रेजिमेंटमध्ये भरती झाल्या. १८६३ मध्ये हिवतापाने आजारी पडल्यावर, रुग्णालयात आपले गुपित फुटेल म्हणून, त्या निघून गेल्या आणि पलायनाचा ठपका माथी आला. वीस वर्षांनी त्यांनी जुन्या सोबत्यांना शोधून काढले. त्यांच्या साक्षींवरून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १८८४ साली त्यांना दरमहा १२ डॉलर निवृत्तिवेतन दिले आणि पुढे पलायनाचा ठपकाही पुसला. १८९७ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनच्या पोस्टने त्यांना रीतसर सदस्य करून घेतले. दुसऱ्या वर्षी त्या वारल्या. नंतर त्यांचे अवशेष ह्यूस्टनमधील जीएआरच्या दफनभूमीत हलवण्यात आले. ऱ्होड आयलंड रेजिमेंटबरोबर ध्वज घेऊन चाललेल्या केडी ब्राउनेल यांनाही कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथील पोस्टने सदस्यत्व दिले होते.

इलिनॉयच्या ९५ व्या रेजिमेंटमधील अल्बर्ट कॅशियर यांची कथा याहून वेगळी. आयर्लंडमध्ये जन्म, जन्मनाव जेनी हॉजर्स. युद्धानंतरही त्यांनी चार दशकांहून अधिक काळ पुरुष म्हणूनच आयुष्य काढले. म्हातारपणी पाय मोडल्यावर खरी गोष्ट उघड झाली आणि निवृत्तिवेतन खात्याने चौकशी सुरू केली. रेजिमेंटमधील जुने सोबती पुढे आले : हा आमचाच कॅशियर, आमच्याबरोबर लढलेला. वेतन चालू राहिले. ऑक्टोबर १९१५ मध्ये मृत्यू झाल्यावर सॉनेमिन गावी गणवेशासह, लष्करी इतमामाने त्यांना पुरण्यात आले आणि दगडावर नाव कोरले ते अल्बर्ट कॅशियर.

जीएआरने आपल्या मुलांना सदस्य करून घेतले नाही. मुलांसाठी १८८१ मध्ये वेगळी संस्था काढली. स्वतःचा पट मात्र त्या युद्धातल्या माणसांपुरताच ठेवला. म्हणजे शेवट कधीतरी येणार हे सदस्यांना पहिल्यापासून माहीत होते. १९४९ मध्ये इंडियानापोलिस येथे अखेरचे अधिवेशन भरले. हयात सदस्यांपैकी सहा जण येऊ शकले. प्रत्यक्ष लढाई पाहिलेला संघराज्याचा शेवटचा सैनिक म्हणून ओळखले जाणारे जेम्स हार्ड १९५३ मध्ये रॉचेस्टर येथे वारले. उरले अल्बर्ट वुल्सन. ते १८६४ मध्ये मिनेसोटाच्या जड तोफखाना रेजिमेंटमध्ये ढोलवादक म्हणून भरती झाले होते आणि त्यांच्या वाट्याला लढाई आली नाही. मृत्यूसमयी त्यांचे वय १०९ असल्याचे छापून आले. जनगणनेच्या नोंदींवरून ते १०६ ठरते. डुलुथ येथे त्यांनी डोळे मिटले आणि संघटनेचा पट बंद झाला. त्याच वर्षी गेटिसबर्गच्या रणभूमीवर ग्रँड आर्मीचे स्मारक म्हणून एक पुतळा बसवला गेला. तो कोणा सेनापतीचा नाही. खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या वुल्सन यांचा आहे.